चोर्ला उतरताना, अनमोड चढताना

कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं, तेव्हा तरुण मंडळींनी आम्हा तिघांना घेरलं. आदल्याच दिवशी आम्ही बेळगावाहून चोर्ला घाटानं गोव्यात उतरून अनमोड घाटानं परत आलो होतो. एका दिवसात सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि तेही मोटरसायकलवरून. "काय वो काका, ह्या वयात?" असं कौतुक झालं, फोटो बघून झाले. मग एकानं विचारलं, "आम्ही पण जावं म्हणतोय ह्या रविवारी, काही टिप्स द्या की." त्या गोंगाटात धड काही सांगता आलं नाही. "सावकाश जा" एवढंच म्हणालो. घाटात सावकाश म्हणजे नेमकं काय, हे सांगायचं राहूनच गेलं, म्हणून हा लेख.

आम्ही तिघं एकाच बँकेतून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं खानापूर तालुक्याच्या आसपासच्या शाखांत गेली आणि कर्ज-वसुलीच्या निमित्तानं या रस्त्यांवर दुचाकीनंच हिंडणं झालं. आमच्यातले थोरले एकेकाळी आमचे मॅनेजर होते. आज एकोणसत्तर वर्षांचे आहेत, तरी आम्ही त्यांना 'साहेब'च म्हणतो. दुसरे आमचे हेडकॅशियर. तीन गाड्या, तीन माणसं, आणि प्रत्येकाच्या डिकीत बायकोनं दिलेला डबा.

सकाळी सहाला पिरनवाडीच्या नाक्यावर जमलो. पेट्रोल बेळगावातच भरून घेतलं. पुढं जंगलात पंप शोधत बसण्यात अर्थ नसतो, आणि मोबाईलची रेंजही मध्येमध्ये जाते. टायरची हवा, चेनचा ताण, दोन्ही ब्रेक आणि क्लचची केबल आदल्या संध्याकाळी मेकॅनिककडून बघून घेतली होती. दिवसभराच्या घाटात क्लचवर काय गुदरतं हे ती तुटल्यावरच कळतं. घरातून निघताना क्लचच्या लिव्हरजवळ केबलचा एखादा जरी धागा तुटलेला दिसला तरी ती बदलूनच निघावं.

किणये ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की बेळगावचा माळ संपतो. जमीन काळी होती ती लाल व्हायला लागते, घरांच्या भिंतींत जांभा दगड दिसतो आणि झाडं रस्त्यावर वाकायला लागतात. समोरून रिकामे टेम्पो परत येत होते. गोव्याच्या बाजारातली बरीचशी भाजी बेळगावकडून जाते. ती रात्री निघते, पहाटे उतरते, आणि रिकामी गाडी सकाळी परत फिरते. या टेम्पोवाल्यांनी रात्र जागून काढलेली असते. ते वळणावर आपली बाजू सोडून येणार हे धरूनच आपण चालवायचं. त्यात त्यांना दोष देण्यासारखंही काही नाही, झोप कुणालाच सोडत नाही.

कणकुंबीला थांबलो. माउली देवीचं देऊळ आणि तिथलं तीर्थ, इथं मलप्रभेचा उगम. पावसाळा नुकताच सरलेला, कुंड काठोकाठ भरलेलं. ही जागा आम्हाला देवीइतकीच भूगोलासाठीही आवडते. इथून मलप्रभा पूर्वेला निघते, खानापूरवरून जाते आणि बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. याच खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. दोन शेजारी ओढे दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातात. या पाण्याचा वाद लवादापर्यंत गेला. २०१८ च्या निवाड्यात तिन्ही राज्यांचे वाटे ठरले, तरी वाद संपला म्हणता येत नाही. कणकुंबीच्या रस्त्याकडेला कळसा कालव्याचं काम दिसतं ते यातलंच. आमच्यात या विषयावर एकमत नाही, कारण एकाची मुलगी फोंड्याला दिली आहे आणि दुसऱ्याची शेती सौंदत्तीला. त्यामुळे चहा झाल्यावर आम्ही लगेच उठलो.

भीमगडचं नाव निघालंच आहे तर सांगतो. हे अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत वटवाघळाची एक अतिशय दुर्मीळ जात राहते, राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. कितीतरी वर्षं ती जगात फक्त इथंच आहे असं मानत होते. पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. आम्ही त्या भागात पीककर्जाच्या कागदांवर सह्या घेत फिरलो, पण आमच्या डोक्यावर असलं काही लटकतंय याची आम्हाला निवृत्त होईपर्यंत गंधवार्ता नव्हती.

कणकुंबी सोडलं की चोर्ला येतं. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र इथं एकमेकांना टेकतात. इथून पुढं डोंगराची कड तुटते आणि रस्ता सत्तरीत, म्हादई अभयारण्याच्या रानातून खाली उतरायला लागतो. ह्या उतरणीसाठीच हा लेख लिहायला बसलो आहोत, म्हणून इथं जरा थांबतो.

घाटरस्त्याला वळणं का असतात? साधा हिशोब आहे. चोर्ल्याच्या कडेपासून खाली केरीच्या बाजूला आपण सुमारे सातशे मीटर उतरतो. डोंगरातला रस्ता आखताना साधारणपणे वीस मीटर पुढं गेल्यावर एक मीटर चढ, याहून जास्त उभा रस्ता शक्यतो करत नाहीत, कारण भरलेला ट्रक चढायला हवा आणि उतरताना थांबायलाही हवा. सातशे गुणिले वीस म्हणजे चौदा किलोमीटर रस्ता लागला. पण डोंगराची कड ते पायथा हे सरळ अंतर त्यापेक्षा पुष्कळ कमी. मग तो चौदा किलोमीटरचा रस्ता बसवायचा कुठं? साडी जशी घडी घालून पेटीत बसवतात तसा तो डोंगराच्या अंगावर घड्या घालून बसवतात. प्रत्येक घडी म्हणजे एक वळण. वळण जिथं अगदी उलटं फिरतं तिथं चढ थोडा कमी ठेवायचा असा नियम आहे, पण नियम कागदावर असतो आणि डोंगर जागेवर. काही वळणांत आतली बाजू छतासारखी उतरती असते.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतो. त्यामुळे डावीकडचं उलटं वळण आपल्याला आतून, म्हणजे सर्वांत उभ्या आणि अरुंद जागेतून घ्यावं लागतं. उजवीकडचं वळण बाहेरून, ऐसपैस मिळतं. नवशिका माणूस उजव्या वळणाला जरा आत शिरतो, कारण रस्ता मोकळा दिसतो. समोरून बस आली की मग तो अडकतो. लांब गाडीला उलट्या वळणात अख्खा रस्ता लागतो, तिचा ड्रायव्हर कितीही शहाणा असला तरी. वरून खाली बघताना बस चढताना दिसली तर वळणात शिरायचंच नाही. वळणाच्या अलीकडं, कडेला पाय टेकून तिला येऊ द्यायचं. घाटात रस्ता अपुरा असेल तर चढणाऱ्या गाडीला पहिला मान, हा कायदाच आहे. त्याचं कारणही रास्त आहे, चढावर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा उचलणं अवघड जातं.

आता ब्रेक. इथं आमच्या हेडकॅशियरांचा डावा हात पुरावा म्हणून दाखवावा लागतो, कारण तो कोपरापाशी आजही पूर्ण सरळ होत नाही.

१९८४ ची गोष्ट. तेव्हा आम्ही बँकेत नवे होतो, पगार बेताचा, आणि पेट्रोल वाचवायची एक विद्या सगळ्यांना येत होती. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची, इंजिन बंद करायचं आणि सुसाट खाली जायचं. अनमोड घाट असा 'फुकट' उतरायचा. हेडकॅशियरांकडे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. अर्ध्या घाटात त्यांच्या लक्षात आलं की मागचा ब्रेक पायाखाली मऊ लागतोय. आणखी दोन वळणांनंतर तो पूर्ण दाबूनही गाडी धरेना. पुढचा ब्रेक आम्ही त्या काळी वापरतच नसू, गाडी उलटते म्हणून. उजवीकडं दरी होती आणि डावीकडं डोंगर. त्यांनी डोंगर निवडला. नशिबानं तिथं दगडाऐवजी पावसानं ढासळलेला मातीचा ढीग होता. हात मोडला, बाकी वाचले. आम्ही मागून पोचलो तेव्हा ब्रेकच्या ड्रममधून जळका वास येत होता. त्यावर पाण्याचा थेंब पडला तो चर्र करून उडाला.

हे का झालं ते आम्हाला त्या वेळी कळलं नव्हतं. आम्ही कॉमर्सवाले. पुढं एका इंजिनीअर कर्जदारानं कॅश काउंटरवरच स्लिपच्या पाठीमागं हिशोब करून दाखवला. गाडी आणि माणूस मिळून अडीचशे किलो धरा. ते सातशे मीटर खाली आले तर जी ऊर्जा मोकळी होते ती जवळजवळ अर्धं युनिट वीज. तेवढ्यात पाच लिटर थंड पाणी उकळेल. ही ऊर्जा कुठंतरी गेलीच पाहिजे. थोडी वाऱ्यात जाते. बाकीची आपण कुठं घालवायची एवढंच आपल्या हातात असतं. ब्रेकमध्ये घातली तर तळहाताएवढ्या दोन पट्ट्यांनी पाच लिटर पाण्याचा आधण पेलायचा. त्या तापतात, तापल्या की त्यांची पकड कमी होते, पकड कमी झाली की आपण आणखी जोरात दाबतो, आणि त्या आणखी तापतात.

दुसरा मार्ग इंजिनाचा. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकच इंजिनाला फिरवायला लागतं, आणि इंजिनाला फिरायला जोर लागतो. तो जोर उतारातून खर्ची पडतो. इंजिन थंड ठेवायला त्याला पंखे दिलेले असतात, वारा लागतो, ते कितीही वेळ हे काम करतं. ब्रेक मग फक्त वळणाआधी थोडा वेळ लागतो आणि दोन वळणांच्या मध्ये निवतो. आमच्या लहानपणी ट्रक ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ते शाळा शिकलेले नसतील, पण त्या स्लिपवरच्या हिशोबाचं उत्तर त्यांच्यापाशी आधीपासून होतं.

इथं आमच्या पिढीची बाजूही मांडतो, कारण न्यूट्रलची ती खोड निव्वळ कंजूषपणाची नव्हती. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन जोरात फिरवलं तर पेट्रोल कमी, म्हणून ऑईलही कमी मिळायचं, आणि इंजिन धरायची भीती असायची. शिवाय त्या इंजिनांचा रोध मुळातच कमी. आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत ऑईल वेगळं फिरतं, ती भीती उरलेली नाही. आणि २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. त्यात गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचवायचंच असेल तरी आता गिअरमध्येच उतरावं. चाळीस वर्षांत हिशोबाच्या दोन्ही बाजू उलट झाल्या, पण खोड मात्र बापाकडून मुलाकडं तशीच आली आहे. गच्चीवरच्या त्या मुलांपैकी एकानं आम्हाला न्यूट्रलचीच युक्ती मोठ्या अभिमानानं सांगितली. कुठं शिकलास, तर म्हणे बाबांनी शिकवलं.

पुढच्या ब्रेकची भीतीही अशीच. उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी पकड पुढंच असते. मागचं चाक हलकं होतं आणि जरा जास्त दाबलं की घसटतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत न्यायचे आणि तेही गाडी सरळ असताना. गाडी वळणात झुकली की पुढचा ब्रेक आवळायचा नाही. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यानं चाक जाम होत नाही. पण वळणात वेग जास्त झाला तर एबीएस काही करू शकत नाही. वेग दुप्पट केला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. वीसच्या वेगानं सहज घेतलेलं वळण चाळीसनं घ्यायला दुप्पट नव्हे, चौपट पकड लागते. आणि ऑक्टोबरातल्या घाटात पकड असतेच कुठं? जिथं दिवसभर ऊन पोचत नाही तिथं डांबरावर शेवाळाचा हिरवट पापुद्रा असतो. ओल्या पानांचा थर असतो. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर जांभ्याची बारीक लाल माती रस्त्यावर येते आणि साबणासारखी पसरते. या तिन्ही गोष्टी नेमक्या वळणाच्या आतल्या बाजूला साचतात.

तर आम्ही चोर्ला दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. धुकं साडेआठच्या सुमारास विरलं, आणि अंजुणे धरणाचं पाणी खाली ताटलीसारखं दिसायला लागलं. बघायचं असेल तर गाडी पूर्ण थांबवून, कडेला लावून बघावं. चालत्या गाडीवरून देखावा बघायला गेलं की गाडी देखाव्याकडंच जाते. नजर जिथं तिथं हॅण्डल, हे इतकं खरं आहे की वळण घेतानाही खड्ड्याकडं न बघता वळण जिथं संपतं तिथं बघायचं.

साहेब त्या दिवशी शेवटी होते. नेहमी पुढं असायचे. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो निवांत," म्हणाले. आम्ही फारसं मनावर घेतलं नाही.

केरीला खाली आलो तेव्हा अंगातले स्वेटर काढावे लागले. साखळीला पातळ भाजी आणि पाव, सोबत मिरची भजी. वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथं पाच मिनिटं टेकलो. भजनाच्या फलकावरची मराठी वाचून हेडकॅशियर म्हणाले, "आपल्यापेक्षा शुद्ध लिहितात की." वाळपईपासून उसगाव-तिस्कपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तो कुळागरांतून जातो आणि उसगावच्या बाजूला खनिज वाहणाऱ्या ट्रकांची लाल धूळ असते. हेल्मेटची काच पुसायला फडकं जवळ ठेवा.

मोल्याहून आत बारा-तेरा किलोमीटरवर तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ. लहानसं, काळ्या दगडाचं, पूर्वेकडं तोंड, आणि तिन्ही बाजूंनी जंगलाच्या भिंती. आडरानात असल्यामुळेच ते पोर्तुगीजांच्या काळात तगलं असं मानतात. त्याचा बसाल्ट दगड या भागातला नाही, घाटावरून आणलेला आहे. जेवणाचे डबे आम्ही ओढ्याच्या काठी सोडले. हेडकॅशियर मोडक्या हातानं भाकरी तोडता तोडता म्हणाले, "एवढे दगड घाट उतरून आणले, कुठला ब्रेक लावला असेल ओ त्यांनी?" बैल पुढं जुंपून ओढतात तसे ते मागं जुंपून धरतही असतील. आम्हाला तरी दुसरं काही सुचलं नाही.

मोल्यात परत आलो तेव्हा पावणेपाच झाले होते. इथं आमची चूक झाली. देवळात तासभर जास्त गेला. ऑक्टोबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, आणि रानात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारतं. अनमोडच्या चढाला आम्ही साडेपाचच्या आत लागायलाच हवं होतं, लागलोही, पण पुढचा रस्ता हिशोबात धरला नव्हता.

अनमोडचा चढ तसा सोपा. चढताना वेग आपोआप कमी राहतो, फक्त ट्रकच्या मागं धीर धरावा लागतो. त्याच डोंगरातून थोड्या अंतरावर दूधसागरवरून रेल्वे चढते. कुळे ते कॅसलरॉक हा २६ किलोमीटरचा टप्पा, आणि तिचा चढ सदतीस मीटरला एक मीटर. रस्त्यापेक्षा कितीतरी सौम्य, तरी गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. त्या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. हे कळल्यापासून आम्ही स्वतःला निवृत्त बँकर म्हणवून घेताना जरा जास्तच ताठ होतो.

घाट संपून अनमोडला वर आलो. पुढं रामनगरपर्यंत दाट जंगल. तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात ते इथंच. एक गवा दिसला तर मागं आणखी असतात असं धरून थांबायचं. हॉर्न मारायचा नाही, लाईट मारत बसायचं नाही, मधून वाट काढायची तर नाहीच. आम्हाला दोन दिसले. दहा मिनिटं इंजिन बंद करून उभे राहिलो. त्या दहा मिनिटांत पूर्ण अंधार पडला.

पुन्हा निघालो, आणि साहेबांचा दिवा आरशात दिसेनासा झाला. परत फिरलो. ते रस्त्याच्या कडेला, गाडी स्टँडवर लावून उभे होते.

"गाडी बंद पडली काय वो साहेब?"

"गाडी चांगली हाय. मलाच दिसंना झालंय बघा. समोरनं गाडी आली की सगळं पांढरं होतंय, रस्ता कुठाय कळंना."

मोतीबिंदू. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं, ते दिवाळीनंतर बघू म्हणून ढकलत होते. दिवसा त्यांना काही जाणवत नव्हतं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं आणि येणारा प्रकाश सरळ आत न जाता विखुरतो. दिवसा प्रकाश सगळीकडं सारखा असतो म्हणून निभतं. रात्री समोरच्या एका दिव्याचा प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि बाकी सगळं पुसून टाकतो. सकाळी धुक्यात चोर्ला उतरताना ते मागं का राहिले होते हे आता कळलं. आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. तरुण माणसाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागला, तर आम्हाला दीड लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सोळा-सतरा मीटर संपलेले असतात. त्यात धोका दिसलाच नाही, तर मीटर मोजण्यात अर्थ नाही.

साहेब म्हणाले, "हळूहळू येतो तुमच्या मागनं. तुमचा लाल दिवा धरून येतो." आणि क्षणभर आम्हालाही ते पटलं. आयुष्यभर ज्यांनी आमच्या व्हाउचरवर सही केली त्यांना नाही म्हणायची सवय आम्हाला नाही. हेडकॅशियर म्हणाले, "साहेब, ब्रेक लागत नाही हे मला १९८४ मध्ये दोन वळणं आधी कळलं होतं. मी थांबलो नाही." एवढंच बोलून त्यांनी साहेबांच्या गाडीची किल्ली काढून घेतली.

साहेब आमच्या मागं बसले. हेडकॅशियरांनी आपली गाडी तिथंच ठेवून साहेबांची गाडी रामनगरला नेऊन ठेवली आणि एका ओळखीच्या टेम्पोतून परत येऊन आपली घेतली. रामनगर म्हणजे सूपा धरणात बुडालेल्या गावांतली माणसं वसवलेलं गाव. तिथं आमच्या एका जुन्या खातेदाराचं घर आहे. त्यांच्या अंगणात गाडी लावली. माउलीनं आधी चहा केला आणि मग विचारलं काय झालं म्हणून.

रामनगर, लोंढा, खानापूर, बेळगाव. दोन गाड्या, तीन माणसं. साहेब वाटेत काही बोलले नाहीत. खानापूर सोडल्यावर रुंद रस्ता लागला तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिसऱ्यात चढवू नको, इंजिन कुरकुरतंय." पावणेनऊला घरी पोचलो.

गाडी रविवारी त्यांच्या मुलानं बसनं जाऊन आणली. ऑपरेशन दिवाळीनंतरच्या आठवड्यात झालं, दुसऱ्या डोळ्याचं महिन्याभरानं. डॉक्टरांनी रात्री चालवायला अजून परवानगी दिलेली नाही, दिवसा दिली आहे. फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावं. येताना हेल्मेट आणि क्लचची जादा केबल आणावी, आणि गेल्या वर्षभरात डोळे तपासले आहेत का ते आधी बघावं. साहेबांनी या वेळी उलट बाजू सुचवली आहे. सकाळच्या उजेडात खानापूर-लोंढ्यावरून जाऊन अनमोड उतरायचा, तांबडी सुर्ल्याला फक्त अर्धा तास, आणि दुपारी साखळीहून चोर्ला चढायचा. पाचला कणकुंबीत चहा, आणि अंधाराआधी जांबोटी ओलांडायची. वेळापत्रक त्यांनी जुन्या लेजरच्या कागदावर काढलं आहे, खाली सहीसकट.